बंद पडद्याला हार

दसऱ्याला आमच्या कारखान्यात यंत्रांची पूजा होते, तेव्हा घरच्यांनाही आत येता येतं. यंदा मी आईला नेलं. लेथला हार, कॉम्प्रेसरला हार, आणि भिंतीवरच्या माझ्या बंद संगणकाच्या काळ्या पडद्यालाही कुणीतरी झेंडूचा हार घातलेला.

गोदाम, उत्पादन आणि माल पाठवणी यांची तीन सॉफ्टवेअरं एकमेकांशी जोडून सगळी माहिती एका जागी दाखवायची, म्हणून सरकारी संशोधन निधीतून तो पडदा बसवला होता. दोन जोडून झाली आणि निधी थांबला.

"भिंतीवर हार? कोण गेलं गं?" आईनं हळूच विचारलं.

"कुणी नाही. माझंच काम आहे ते. बंद पडलंय."

घरातली पहिली पदवीधर मी. हाती घेतलेलं अर्धं सोडायची आमच्यात रीत नाही. पण अर्ध्यात राहिलेलं काम मेलं असं कुणी म्हणत नाही, त्यामुळे त्याचं सुतकही धरता येत नाही.

आई प्रत्येक यंत्रावर आपट्याचं पान ठेवत आली. पडद्यापाशी तिचा हात थांबला. मग पदराच्या टोकानं तिनं त्याच्यावरची धूळ पुसली, घरी बाबांच्या फोटोवरची पुसते तशी.