वॉल्व्ह बसल्याचा आवाज

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की तुमच्या नव्या गाडीत इंजिनच नाही, ती सुरू झाली तरी काही ऐकू येत नाही. फोन ठेवल्यापासून मला हेडवाले भाऊजी आठवत आहेत. ते तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. तुम्ही त्यांना पाहिलं तेव्हा फार लहान होतात. इंजिनाशिवाय मोठं होणाऱ्या मुलांना त्यांच्याबद्दल दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून आजच लिहायला बसले.

भाऊजी डोळे मिटून काम करायचे. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आपल्या घराच्या अंगणात ते गाड्यांची हेड्स तयार करू लागले. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा जड भाग, ज्यात वॉल्व्ह बसतात. बाकीच्या इंजिनाला ते हात लावत नसत. रॉकेलनं धुऊन, काजळी खरवडून झाली की हेडवर पोलादी पट्टी उभी धरत आणि तिच्याखालून उजेड दिसतो का ते बघत. उजेड दिसला तर हेड वाकडं. तेवढं एक काम उघड्या डोळ्यांनी. पुढचं सगळं कानांनी.

वॉल्व्ह दिसतो लांब दांड्याच्या छत्रीसारखा. तो आपल्या गोल बैठकीवर असा टेकायला हवा की वाराही निसटू नये. भाऊजी दोघांच्या मध्ये खरखरीत पेस्ट लावत, रबरी टोकाची काठी वॉल्व्हला चिकटवत आणि ती दोन्ही तळव्यांमध्ये रवीसारखी फिरवत. आधी नुसती खरखर. मग पेस्टमधले खडे मोडत जात, आवाज मऊ होई, आणि शेवटी रेशमी लुगड्याची घडी उलगडावी तशी सळसळ उरे. त्या आवाजानं सगळं अंगण पेंगुळायचं. मी निवडायला घेतलेले तांदूळ तसेच सुपात राहायचे.

नवा वॉल्व्ह म्हणजे नवी सून, तिला घरात बसायला वेळ द्यावा लागतो, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. एकदा मी टोमणा मारला की घासून घ्यायचं ते सुनेनंच का. काठी न थांबवता ते म्हणाले, "घर बी घासल्या जाते ना, वहिनी. दोघंही थोडे थोडे झिजतात, तेव्हाच बसते."

पण कमी घासलं तर हेड गळतं, आणि जास्त घासलं तर वॉल्व्ह बैठकीत खोल बुडतो, आणि मग ते हेड कामाचं राहत नाही. सळसळ आली की थांबायचं. वय झालं तशी नेमकी ही सळसळच भाऊजींना ऐकू येईनाशी झाली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एका जीपवाल्यानं गळणारं हेड परत आणून ओट्यावर ठेवलं, तेव्हा आम्हाला कळलं. त्यांची मुलगी पुष्पा नागपूरहून रोज फोन करून बोलवत असे. त्या संध्याकाळी त्यांनी तिला सांगितलं, की वहिनींच्या गाडीचं हेड उघडलंय, तेही गळलं तर काम बंद करून तुझ्याकडे येतो. त्यांच्या आवाजावरून मला वाटलं, मनानं ते सामान बांधूनच बसले आहेत.

दुसऱ्या दिवशी हिवाळ्याच्या उन्हात पोतं अंथरलं गेलं. काठी तळव्यांत धरून ते माझ्याकडे वळले.

"वहिनी, तुम्ही आयका. मले आता समजून नाही राहिलं."

मी शेजारी पाटावर बसले. आवाज मऊ झाला की त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारायची, असं ठरलं. पहिली टिचकी मी लवकर मारली. त्यांनी वॉल्व्ह उचलून पाहिला; त्यावर पेस्टनं उमटणारं राखाडी कडं सलग हवं, ते एका जागी तुटलेलं होतं. "अजून रुसून हाय," एवढंच म्हणून त्यांनी पुन्हा पेस्ट लावली. मग मीही डोळे मिटले. ऊन पापण्यांवर केशरी झालं, गल्लीतले हॉर्न लांब गेले, आणि त्या खरखरीच्या तळातून सळसळ हळूहळू वर येताना मला ऐकू येऊ लागली. एकेक वॉल्व्ह होत ऊन भिंतीवर चढलं.

त्याच्या दुसऱ्या सकाळी स्प्रिंगा लावून हेड विटांवर उलटं ठेवलं आणि वॉल्व्हच्या खळग्यांत रॉकेल भरलं. वॉल्व्ह नीट बसले नसतील तर ते खालच्या, हवा-धुराच्या वाटेनं पाझरणार. मध्येच पुष्पाचा फोन आला. तुझे बाबा कामात आहेत, असं सांगून मी तो ठेवला. भाऊजींचा चहा निवून गेला. जेवणाच्या वेळी त्यांनी प्रत्येक वाटेत बोट घालून फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. कोरडं होतं.

"नागपूरले फोन लावा," ते म्हणाले. "म्हणा, बाप येऊन नाही राहिला."

त्यानंतर कितीतरी हिवाळे आम्ही तसेच बसलो, ते फिरवायचे आणि मी ऐकायची. गिऱ्हाइकं मला हेडवाली दीदी म्हणू लागली; तुमच्या आजोबांना त्याची फार गंमत वाटे. शेवटच्या आजारात भाऊजींना काहीच ऐकू येत नसे. मी त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारली की ते डोळे न उघडता हसत. मागच्या वर्षी याच घरात ते गेले.

आम्ही दोघांनी बसवलेल्या वॉल्व्हवरच्या काही गाड्या रायपुरात अजून चालतात. कोणत्या, ते मला माहीत नाही.