बदकांची फळी

काल मांडणीवर पाणी सांडलं आणि जुन्या लाकडातून बदकांचा ओला, चिखलट वास आला. नवं लग्न झालं तेव्हा आमचा संसार गोदावरीत, नावेवरच होता. बायकोनं बदकं पाळली होती. दिवस कलला की ती डब्यात कणी खुळखुळवायची. धुरकट गुलाबी पाण्यावरून बदकं तरंगत यायची, पाण्यात सोडलेल्या फळीवरून डुलत नावेत चढायची आणि आमच्या उशाशी रात्रभर पुटपुटत राहायची. मग दुष्काळ पडला. नदीचं डबकं झालं, नाव चिखलात बसली. लातूर नवा जिल्हा झालेला, तिथं बांधकामावर हाताला काम होतं. "लातुरात माणसालाच पाणी न्हाई, बदकं कुठं नेतीस?" मी म्हणालो. माझ्या एक दिवस आधी लातूरला निघताना ती एवढंच बोलली, "फळी तेवढी लावून या. नावेत चढली की कोल्ह्याचं भ्याव न्हाई." दुसऱ्या दिवशी मी निघालो, पण ती सागवानी फळी सोडवेना. खांद्यावर घेतली, तर बदकं फळीमागं चिखलातून डुलत आली, थेट लोहा गावाच्या रस्त्यापर्यंत. मी बसमध्ये चढलो. "लावली ना फळी?" लातुरात भेटताच बायकोनं विचारलं. "हाव," म्हणालो. फळी बांधकामावर ठेवून आलो होतो; तिथंच रंधा मारून तिची मांडणी केली, विकत आणली म्हणून सांगितलं. काल बायको फडकं घेऊन आली, ओल्या लाकडाशी थांबली. मग एकेक डबा सावकाश खाली उतरवला, फळीवर हात ठेवला. "आता तरी सांगा," म्हणाली. मी सांगितलं.