उद्या प्रोसेसर वाढला तर?

मास्तरांनी आयुष्यात एकही कपडा घट्ट शिवला नाही. आत शिवणीत जे जादा कापड ठेवतात त्याला शिंप्यांच्या बोलीत माया म्हणतात. पुढेमागे माणूस सुटला तर तेवढं उसवून देता येतं. बाकीचे शिंपी बोटभर ठेवतात, मास्तर चार बोटं ठेवत. त्यांच्याकडून पँट शिवलेला माणूस दुप्पट झाला तरी त्याला नवी पँट लागायची नाही, म्हणून धंदा बेताचाच होता. पण हा स्वभाव पँटीपुरता असता तर कुणाची तक्रार नव्हती. मास्तर स्वतःच्या चपलासुद्धा एक नंबर मोठ्या घेत. पाय वाढायचं वय उलटून गेलं आहे हे त्यांना कुणी सांगितलं, तर ते सांगणाऱ्याकडे दयेने बघत.

सांगणाऱ्याशी वाद मात्र घालत नसत, कारण तोंडात टाचण्या असत. सकाळी दुकान उघडलं की पाच-सहा टाचण्या ओठांत धरायच्या, त्या जेवायच्या वेळीच बाहेर काढायच्या. त्यामुळे गिऱ्हाइकाशी संभाषण म्हणजे ‘हं’ आणि ‘हंहं’. बायकोशी त्याहूनही कमी, कारण तिचं माप एकदाच घ्यायचं होतं आणि ते घेऊन झालं होतं.

बायको त्याच दुकानात, समोरच्या भिंतीला. तिचं काम कंप्युटरच्या भरतकामाचं. ती पडद्यावर चित्र काढायची आणि कंप्युटरला जोडलेलं मशीन ते चित्र रंगीत धाग्यांनी कापडावर भरायचं. दिवसभर तिचं मशीन खडखडायचं, मास्तरांचं घरघरायचं. दोघांचं इतकंच बोलणं, आणि मास्तरांच्या मते ते भरपूर होतं.

मग कंप्युटर तापायला लागला. पोहण्याच्या क्लबाचे कोट आले होते, प्रत्येकाच्या छातीवर एक निळा मासा भरायचा होता. मासा डोक्याकडून सुरू व्हायचा, पोटापर्यंत यायचा, आणि ऐन पोटात कंप्युटर आपला आपण बंद पडायचा. पुन्हा चालू केला की चित्र पुन्हा डोक्यापासून. क्लबाचे चिटणीस येऊन अर्धे मासे बघून गेले. माणूस समजूतदार. म्हणाले, “मासा अर्धा पाण्यात आहे असं मी सभासदांना सांगतो. पण वहिनी, सगळ्यांचे एकाच ठिकाणी तुटलेले असू द्या. नाहीतर उगाच भांडणं होतात.”

वहिनींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, अर्धे मासे मंजूर नव्हते.

“अहो,” ती त्या दुपारी म्हणाली, “वरच्या मजल्यावर बहिणीची मागची खोली रिकामीच आहे. गार पण आहे. हा असाच तापत राहिला तर मी मशीन तिकडे हलवते.”

मास्तर टाचणी गिळता गिळता वाचले. बायको वर, आपण खाली, समोर नुसती भिंत. इतकी वर्षं ते ज्या खोलीत गप्प बसले होते त्या खोलीत ती होती म्हणून गप्प बसता आलं, हे त्यांच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं आणि त्यांना चक्क भीती वाटली. शहाण्या माणसाने तिथल्या तिथे ‘जाऊ नकोस’ म्हटलं असतं. मास्तरांनी टाचण्या काढून हातावर घेतल्या आणि म्हणाले, “कूलर बदलू.”

कूलर हा शब्द त्यांनी चिटणिसांकडून ऐकला होता, त्यापलीकडे त्यांना ठो कळत नव्हतं. रस्त्याच्या टोकाला कंप्युटरचं दुकान होतं. दुकानदार पोक्त, मान डोलावत बोलणारा, कुणाचं मन न मोडणारा. त्याने नीट समजावून सांगितलं. डब्याच्या आत प्रोसेसर असतो, तो कंप्युटरचा मेंदू. त्याच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा एक ठोकळा आणि ठोकळ्याला पंखा, यालाच कूलर म्हणायचं. निवडताना तीनच गोष्टी बघायच्या. तो त्या जातीच्या प्रोसेसरवर बसला पाहिजे, तो जेवढा तापतो तेवढी उष्णता ह्याने ओढली पाहिजे, आणि वरून डब्याचं झाकण लागलं पाहिजे.

“म्हणजे माप,” मास्तर म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला. जगात काहीही असो, माप आलं की मास्तर घरी आले.

त्यांनी दुकानी परत येऊन डब्याचं माप घेतलं. खांदे, छाती, पोट, उंची. पोट मोजताना सवयीने “श्वास सोडा” म्हणाले. बायकोने मान वर करून बघितलं. इतक्या स्पष्ट शब्दांत ते तिच्यासमोर बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते.

“मला म्हणालात?”

“नाही, ह्याला.”

पोटाचं माप अगदी बरोबर आलं. मास्तरांचं माप चुकतच नाही. चुकलं ते पुढे. दुकानदाराला सांगताना त्यांनी त्यात चार बोटं माया धरली, आणि ती धरली आहे हे सांगायचं राहून गेलं. श्वास घेतो हे कुणी सांगतं का?

दुकानदाराने तरीही एक बसका, आटोपशीर कूलर पुढे केला. “तुमच्या प्रोसेसरला हा बास झाला. फार तापणारी जात नाही ती.”

मास्तरांनी तो हातात घेऊन फिरवला. “हा अंगाबरोबर होईल. उद्या प्रोसेसर वाढला तर?”

“मास्तर, प्रोसेसर वाढत नाही.”

“सगळ्यांच्या आया असंच म्हणतात. वर्षभराने पोरगं बाह्यांतून बाहेर.”

दुकानदार कुणाचं मन मोडत नसे, हे मघाशी सांगितलंच. त्याने फळीवरचा सर्वांत मोठा कूलर काढला. तो वीतभर उंच, दोन पंख्यांचा, वजनाला छोट्या कलिंगडाएवढा. मास्तरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ह्यात तीन प्रोसेसर मावले असते.

कूलर बसवायला दुकानदार स्वतः आला. डबा आडवा करून त्याने जुना ठोकळा काढला, नवा चढवला, पंखे फिरले, सगळं झकास झालं. झाकण लागेना. चार बोटं कूलर बाहेर. दुकानदार झाकण हातात धरून उभा राहिला. “बदलून देतो,” तो म्हणाला.

मास्तरांनी आजवर एकही कपडा बदलून दिला नव्हता. “बदलायचं काय त्यात,” ते म्हणाले, “पोटाला थोडं सैल करू.”

आणि त्यांनी कंप्युटरला कोट शिवायला घेतला. ह्याला कुणी वेड म्हणेल. मीही म्हणतो. पण वेड लागलेला मनुष्य किती मनापासून काम करतो ते बघायला हवं होतं. झाकणाच्या जागी कापडाची बाजू, पोटाला चुण्या, आतून अस्तर, कडेने बटणं. पडद्याच्या तारांसाठी पाठीला चीर. दोनदा ट्रायल घेतली. ह्या गिऱ्हाइकाला टाचण्या टोचायची सोय नव्हती, आत सगळी वीज. त्यामुळे मास्तरांचं तोंड दिवसचे दिवस मोकळं राहिलं, आणि मोकळ्या तोंडाचं काय करायचं ते न कळून ते बोलायला लागले.

“अस्तर कुठलं घेऊ?”

“निळं घ्या.”

“उन्हाळ्यात निळं गरम नाही का होत?”

“उन्हाळा त्याला बाहेरून नाही, आतून आहे,” बायको म्हणाली, आणि दोघंही हसले. दोघांनाही आपण हसल्याचं नवल वाटलं.

कोट झाला फर्मास. चिटणीस म्हणाले, क्लबाच्या कोटांपेक्षा ह्याचं फिटिंग चांगलं आहे. एका गिऱ्हाइकाने आपल्या कंप्युटरला तसाच शिवून मागितला, फक्त कॉलर मोठी. कोट घालून कंप्युटर चालू केला तर मासा पोटापर्यंतसुद्धा पोचला नाही. कल्ल्यातच बंद. उकाड्यात अस्तराचा कोट घालून माणूसही बसला नसता, पण हे मास्तरांना सांगायला बायको लागली.

मग त्यांनी बटणं उघडी ठेवली. आता पंख्यांना रान मोकळं मिळालं. आधी त्यांनी दुकानातला कपड्यांचा भुगा ओढला. मग बायकोच्या मशीनवरून लोंबणारं निळ्या धाग्याचं टोक आत गेलं, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत कूलरने अख्खं रीळ स्वतःभोवती गुंडाळून घेतलं. पंखे किरकिरले, थांबले, जळका वास आला. कंप्युटर बंद. मास्तर कात्री घेऊन धागा कापत बसले, अन् बायको उठून मशीनच्या वायरी काढून त्यांची गुंडाळी करू लागली. ती वर जाणार असं मास्तरांनी मनाशी धरलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ते तडक दुकानदाराकडे गेले. वाटेत त्यांनी वाक्य जुळवलं होतं, पण दारात पोचल्यावर ते नुसतं म्हणाले, “चुकलं माझं. अंगाबरोबरचा द्या.”

असं ते आयुष्यात कुणाला म्हणाले नव्हते. दुकानदाराने मोठा कूलर धाग्यासकट परत घेतला, बसका कूलर उचलला आणि सोबत निघाला. डबा उघडून त्याने आधी ब्रशने आतलं झाडून काढलं. हवा आत यायच्या जाळीवर गोधडीएवढा जाड भुगा बसला होता, त्यात गल्लीतल्या सगळ्या पँटींचे रंग होते. “जुन्या कूलरची काही चूक नव्हती बहुतेक,” तो हळूच म्हणाला. “गुदमरला होता बिचारा.” मग प्रोसेसरवर उष्णता ओढणाऱ्या मलमाचा ठिपका लावून त्याने बसका कूलर बसवला, चार स्क्रू पिळले आणि जुनं पत्र्याचं झाकण सरकवलं. खट. वर कागद सरकेल एवढीसुद्धा फट नाही. मास्तरांना बघवेना.

कंप्युटर चालू झाला, आणि आवाजच नाही. बायकोने वायरी पुन्हा जोडल्या, मासा लावला. डोकं झालं, कल्ले झाले, पोट झालं, आणि बघता बघता शेपटी उमटली. दुकानदार मान डोलावत निघून गेला.

दुकानात दोघंच उरली. मास्तर उभेच होते.

“तू वर जाऊ नकोस,” ते म्हणाले. “कंप्युटर तापो नाहीतर गार राहो. मला इथे एकट्याला बसवणार नाही.”

बायकोने माशाचा जादा धागा कापला. “वरची खोली मी बहिणीला केव्हाच नको म्हणून कळवलंय.”

“मघाशी वायरी काढत होतीस ती?”

“धागा त्यांच्यातही गेला होता.”

“मग नको कधी म्हणालीस?”

“कोटाच्या पहिल्या ट्रायलच्या दिवशी.”

मास्तरांना बसावं लागलं. मोठा कूलर, अस्तर, बटणं, जळलेलं रीळ, दुकानदारासमोर खाली घातलेली मान, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. “अगं मग मला सांगायचंस की.”

“सांगितलं असतं तर तुम्ही बोलायचे थांबला असता.”

मशीन दुसऱ्या कोटावर मासा भरत होतं. बोलायला हवं हे मास्तरांना कळलं होतं, पण काय, ते काही केल्या सुचेना. शेवटी ते घसा खाकरून म्हणाले, “हा नवा कूलर मला घट्टच वाटतो.”

बायकोने मशीन थांबवलं, स्टूल त्यांच्याकडे वळवलं आणि म्हणाली, “कुठे वाटतो, सांगा.”