जिन्याखालची अडगळ

आमच्या नगरपालिकेच्या सभेत सूचक व्हायला भांडणं लागत आणि अनुमोदक व्हायला माणूस मिळत नसे. हे असं का, ते आधी सांगून टाकतो. कुठलाही ठराव करायचा तर एकाने तो मांडायचा, तो सूचक. दुसऱ्याने ‘माझं अनुमोदन आहे’ म्हणायचं, तो अनुमोदक. सूचकाचं नाव पाटीवर लागतं, टाळ्याही त्यालाच. अनुमोदकाला कुत्रं विचारत नाही. मात्र गटार तुंबली की लोकांना तो बरोबर आठवतो. “याला दुजोरा कुणी दिला होता हो?”

हे दुजोऱ्याचं काम एका शिंप्याच्या गळ्यात पडलं होतं.

शिंपी निवडून कसा आला, ही एक वेगळीच गंमत. त्याच्या वॉर्डात दोन तगडे उमेदवार एकमेकांना पाडायला निघाले आणि दोघेही पडले. मध्ये हा उभा, तोही कुणीतरी आग्रहाने अर्ज भरायला लावला म्हणून. निकाल लागला तेव्हा हा दुकानात एका जाड्या गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप घेत होता. बाहेरून कुणीतरी ओरडलं, “मास्तर, निवडून आलात!” गिऱ्हाईक म्हणालं, “अहो, ऐकलंत का?” हा टेप तसाच धरून म्हणाला, “आधी श्वास सोडा. पोट आत ओढून माप देऊ नका, नंतर माझ्या नावाने शंख कराल.”

सभागृह म्हणजे पूर्वीचं गोदाम. लांबट खोली, उंचावर दोन खिडक्या, एक पंखा जोरात फिरणारा आणि एक नुसता आवाज करणारा. शिंप्याची खुर्ची या दुसऱ्याखाली. जेवण झाल्यावर सभा सुरू व्हायची आणि चहा आला की संपायची. मधल्या वेळात पंपाच्या दुरुस्तीला मुदतवाढ, बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे, मोकाट कुत्री, आणि पुन्हा पंपाच्या दुरुस्तीला मुदतवाढ. एकदा झाडूंवर चर्चा झाली. लांब दांड्याचे घ्यावेत की आखूड? लांब घेतले तर कपाटात मावत नाहीत, आखूड घेतले तर झाडणाऱ्यांची कंबर मोडते. माणसं घसा बसेपर्यंत बोलली. शेवटी ठरलं की लांब घ्यावेत आणि कपाटात मावतील इतके कापावेत. सर्वानुमते मंजूर!

त्याच दिवशी शिंप्याने पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. त्याच्याकडे एका नवरदेवाची पँट अर्धी शिवलेली पडली होती आणि इकडे झाडूच्या ठरावाला दुजोरा द्यायला कुणी तयार नव्हतं. सगळे आढ्याकडे बघत बसलेले. मग हा हळूच म्हणाला, “माझं अनुमोदन.” झालं! ठराव सुटला, सभा सुटली, पँट वेळेवर गेली. तेव्हापासून अध्यक्षांनी ‘अनुमोदन?’ म्हटलं की सगळ्या माना याच्याकडे वळायच्या. पुढे पुढे तर गावाने त्याचं नावच ‘अनुमोदन’ पाडलं.

घरीही तेच. बायको म्हणाली, “खोलीला हिरवा रंग देऊ या.”

“अनुमोदन.”

“की पिवळा बरा दिसेल?”

“अनुमोदन.”

“अहो, मी लग्न तुमच्याशी केलंय की नगरपालिकेशी?”

“अनु...” म्हणता म्हणता त्याने जीभ चावली.

हसण्यावारी न्यायला ठीक आहे, पण माणूस थकला होता. दिवसभर मशीन, संध्याकाळी वॉर्डातली माणसं दारात. नळाला पाणी नाही, दिव्याचा खांब वाकलाय, शेजारी गच्चीवर कोंबड्या पाळतो. सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि रात्री उरलेली बटणं लावायची. तोच एकदा म्हणाला होता, “माझी शिवण सगळीकडून सुटत चाललीय. एका बाजूने टाका घालावा तर दुसरीकडे उसवतं.” सभेत तो डोळे उघडे ठेवून झोपायला शिकला होता. अध्यक्षांचा आवाज ‘अनुमोदन?’ असा वर चढला की तोंड आपोआप हलायचं. आत कुणी जागं असायची गरज नव्हती.

आता अक्काबद्दल सांगतो. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. नवरा लवकर गेला. त्याआधी आईही गेली होती, तेव्हा हा धाकटा अक्काच्या कडेवर. तिने याला वाढवलं, एका शिंप्याच्या हाताखाली घातलं, पहिलं मशीनही तिनेच घेऊन दिलं. ती स्वतः जुन्या मंडईच्या जिन्याखाली इस्त्रीचं टेबल टाकून उभी राहिली, ती राहिलीच. टेबलावर जुन्या चादरींचे थर, त्यांवर इस्त्रीचे तपकिरी डाग, कोपऱ्यात कोळशाचं पोतं, एक स्टूल. ते स्टूल बसायला नव्हतं, गठ्ठे ठेवायला होतं. लोक तिथे घराच्या किल्ल्या ठेवून जात, निरोप ठेवून जात. गावातला सदरा धाकट्याच्या हातून निघायचा आणि अक्काच्या हाताखालून जायचा, असा रिवाजच पडून गेला होता.

तर एका सभेत ड्रायव्हिंग स्कूलवाले सदस्य उठले. गडी बोलायला फर्डा. त्यांच्या शिकवणीच्या स्कूटरी मंडईपाशीच उभ्या असायच्या. त्यांनी विषय वाचला, “मंडईच्या जिन्याखालील अडगळ हटवून दुचाकी वाहनांसाठी जागा मोकळी करणे.”

बाहेर चहाच्या कपांचा आवाज येत होता. अध्यक्ष म्हणाले, “अनुमोदन?”

“माझं अनुमोदन,” शिंप्याचं तोंड म्हणालं. मंजूर. चहा आत आला.

पुढच्या आठवड्यात अक्का दुकानात आली. ती दुकानात कधी यायची नाही, कपडे कुणाबरोबर तरी पाठवायची. या वेळी गठ्ठा स्वतः घेऊन आली आणि कापायच्या टेबलावर ठेवून उभी राहिली.

“धाकट्या, अडगळ म्हणजे काय रे?”

“अडगळ?” याने मशीन थांबवलं नाही. “नको असलेलं सामान. का गं?”

“सहज. म्हटलं, तू सभेत बसतोस, तुला ठाऊक असेल. पालिकेची माणसं आली होती, चुन्याची रेघ मारून गेली. म्हणाली, रेघेच्या आतली अडगळ पुढच्या सभेनंतर उचलायची आहे. मी आत बघितलं तर माझं टेबल, माझी इस्त्री आणि मी. यातलं नको असलेलं कोणतं, ते कळेना.”

मशीन थांबलं.

“विचारलं, हे ठरवलं कुणी? तर हसायला लागले मेले. म्हणे, अक्का, तुमच्या घरचंच अनुमोदन आहे.”

शिंप्याचा पाय मशीनच्या पॅडलवर तसाच राहिला. तो म्हणाला, “अक्का, मी ऐकलंच नाही गं. झोप लागत होती.”

“झोप लागत होती तर ‘नको’ म्हणायचंस. झोपेत तेही म्हणता येतं.”

“आता काय करू?”

“ते तू बघ. मी काही भांडायला आले नाही. माझे गुडघे बोलायला लागलेत, एक दिवस मीच टेबल मोडून घरी बसणार आहे. पण माझ्या मनाने बसेन. कुणी उचलून ठेवल्यासारखी नाही.” जाता जाता ती वळली. “तो वरचा सदरा तुझा आहे. कॉलर फाटलीय. स्वतः शिंपी असून फाटक्या कॉलरने फिरतोस, लाज वाटत नाही?”

संध्याकाळी शिंपी अध्यक्षांच्या दुकानात गेला. अध्यक्षांचं रंगाचं दुकान. ते डब्यात काठी घालून निळा रंग ढवळत होते.

“माझ्या काय हातात आहे हो?” ते म्हणाले. “ठराव सर्वानुमते झाला. सर्वांमध्ये तुम्हीही आलात.”

“मागे घेता येणार नाही?”

“पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होतं, म्हणजे मागच्या सभेत जे ठरलं त्यावर शिक्का बसतो. तिथपर्यंत बोललात तर बोललात. पण त्यात बोलायचं काय असतं? तुम्ही अनुमोदन देता आणि आपण पुढे जातो. इतकी वर्षं असंच चाललंय ना?” मग त्यांनी काठी झटकली आणि जरा सहानुभूतीने विचारलं, “खूप दमलेले दिसता. घरी ठीक आहे ना?”

शिंपी हो म्हणाला आणि घरी आला. जेवताना बायकोने विचारलं, “बोलणार ना सभेत?” तो ताटातला भात चिवडत राहिला. “अहो, अनुमोदन तरी द्या!” ती म्हणाली. त्या घरात एरवी यावर हशा पिकला असता. त्या दिवशी पिकला नाही.

सभेचा दिवस आला. आम्ही रिकामटेकडे नेहमीप्रमाणे मागच्या बाकावर, कारण चालता पंखा तिथे पोहोचायचा. सभेचे कारकून उभे राहिले आणि सगळं पाठ असल्यासारखं म्हणाले, “मागील सभेचे इतिवृत्त वाचले असे समजून कायम करणे.”

“सूचक मी,” ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणाले.

“अनुमोदन?” अध्यक्ष म्हणाले.

आवाज करणारा पंखा तेवढा आवाज करत होता. कारकुनांनी शिंप्याचं नाव सवयीने लिहायलाही घेतलं होतं, ते थबकले.

“अहो, अनुमोदन!” अध्यक्ष जरा मोठ्याने म्हणाले.

“बोला,” नावाने हाक आल्यासारखं शिंपी म्हणाला.

“बोला काय? द्या!”

“आज नाही देत.”

मागच्या बाकावर आम्ही सगळे एकदम सरळ बसलो. शिंपी उठला. उठताना त्याने टेबलाला धरलं. आवाज तर इतका बारीक की पुढच्या लोकांनाही कान टवकारावे लागले. “तो जिन्याखालचा विषय यातून बाजूला काढा.”

“का म्हणून?” ड्रायव्हिंग स्कूलवाले. “गाड्या काय डोक्यावर लावायच्या? तिथे आहे काय? एक मोडकं टेबल आणि एक जुनी इस्त्री.”

“आणि एक बाई.”

“बाई अडगळीत कशी येईल?”

“तेच म्हणतोय मी. येत नाही. मग टेबल उचलल्यावर ती उभी कुठे राहणार, ते कुठल्या ठरावात आहे?”

“तुमची बहीण ना ती? म्हणजे हा घरचा मामला झाला!”

“घरचाच आहे. तुमच्या अंगावरच्या सदऱ्याला सकाळी इस्त्री त्याच घराने केलीय.”

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांचा हात नकळत कॉलरकडे गेला. आम्ही मागे हसलो, अध्यक्षांनी घंटा वाजवली.

“हे बघा, नुसतं बाजूला काढा म्हणून चालत नाही. रीतसर सूचना मांडा.”

शिंपी क्षणभर गोंधळला. इतक्या वर्षांत त्याने सूचना म्हणून कधी मांडलीच नव्हती. मग म्हणाला, “सूचना अशी की हा विषय तहकूब ठेवावा.”

तहकूब म्हणजे काय, हे आमच्या गावात वेगळं सांगावं लागत नाही. पालिकेने मंजूर केलेलं काम होईलच, याची खात्री नाही. पण तहकूब ठेवलेलं काम होणार नाही, याची मात्र अगदी लोखंडी खात्री. नाल्यावरचा पूल तहकूब आहे, तो मांडणारे सदस्य वारले, त्यांच्या मुलाला टक्कल पडलं, पूल अजून तहकूब आहे.

“बरं,” अध्यक्ष म्हणाले. “सूचक शिंपी. अनुमोदन?”

आणि काय सांगू, सगळ्या माना सवयीने शिंप्याकडेच वळल्या! कारकूनही त्याचंच नाव लिहू लागले, मग खोडून म्हणाले, “स्वतःच्या सूचनेला स्वतःच अनुमोदन देता येत नाही हो.”

आता मात्र कुणी हसलं नाही. शिंपी उभाच होता. त्याने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. यांच्या झाडूंना, यांच्या गटारींना, यांच्या पाट्यांना याने दुजोरा दिला होता. एक जण चष्मा पुसू लागला. दुसऱ्याला खिडकीबाहेर काहीतरी दिसलं. कुणाचं काही वाईट मनात होतं असं नाही. सवयच नव्हती कुणाला, शब्द तोंडात यायचा नाही. शिंप्याचे खांदे खाली उतरले. मला वाटलं, संपलं, हा आता बसणार.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, “माझं अनुमोदन.”

निवृत्त नर्सबाई, त्याही सदस्य. सभेत त्या फारशा बोलायच्या नाहीत, चपला काढून पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसायच्या. “बघता काय असे? लिहा माझं नाव. पाय सुजलेत माझे, मला घरी जायचंय. उभं राहून राहून पाय सुजतात म्हणजे काय, ते त्या जिन्याखालच्या बाईला विचारा. आणि ती खिडकी उघडा कुणीतरी, जीव घुसमटतोय.”

“मंजूर?” अध्यक्षांनी विचारलं.

“मंजूर, मंजूर,” सगळे म्हणाले. ड्रायव्हिंग स्कूलवालेसुद्धा. चहा दाराशी येऊन थांबला होता.

“आणि बाकीचं इतिवृत्त कायम. अनुमोदन?”

“माझं,” शिंपी म्हणाला आणि खुर्चीत कोसळल्यासारखा बसला.

सभा सुटल्यावर तो चहा न घेता मंडईकडे गेला. मी घरी जायला तोच रस्ता धरतो, म्हणून मागोमाग होतो. चुन्याची रेघ लोकांच्या पायांनी अर्धी पुसली होती. अक्काने इस्त्रीतून मान वर न काढता विचारलं, “काय झालं?”

“तहकूब.”

तिने इस्त्री उभी ठेवली. स्टुलावरचा गठ्ठा उचलून टेबलावर घेतला आणि स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं. “बस. तोंड बघ कसं झालंय. काही खाल्लंस का?”

त्याने मान हलवली, ती हो की नाही ते कळलं नाही. जिन्याच्या भिंतीला टेकला आणि डोळे मिटले, या वेळी खरोखरच मिटले. अक्का त्याच्या बाजूने हात चुकवून इस्त्री फिरवू लागली.

इतक्यात एक गिऱ्हाईक आलं. जागा अरुंद, शिंप्याचे पाय वाटेत पसरलेले. ते म्हणालं, “अक्का, ही काय अडगळ ठेवलीय मध्येच?”

“असू दे,” अक्का म्हणाली. “तहकूब आहे ती. तुमचा गठ्ठा इकडून द्या.”