सीताफळाचा हंगाम संपल्यावर

सात डिसेंबरच्या सकाळी मनकर्णा सोनाळे यांच्या घरात सीताफळाचा वास आला. जास्त पिकून फुटलेल्या सीताफळाचा, थोडा आंबूस. हंगाम संपून महिना झाला होता आणि त्या घरात दोन वर्षांत एकही सीताफळ आलेलं नव्हतं.

मनकर्णाबाई आमच्या आदिलाबादकडच्या नेरडीगोंड्याच्या मंडल कार्यालयात, म्हणजे तहसिलीत, कारकून आहेत. जुन्या पहाणीच्या, म्हणजे सातबाऱ्यासारख्या जमिनीच्या कागदांच्या, नकला काढून देणं हे त्यांचं काम. मी नऊ वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो. बाई मोजकं बोलणाऱ्या, म्हणून ही हकिगत मला तुकड्यातुकड्यानं कळली.

त्यांचे यजमान दौलतराव शाळेत शिक्षक होते. त्यांना शुगर होती. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात ते आजारी पडले. तीन दिवस साधा ताप समजून गोळ्या दिल्या. त्या तीन दिवसांत त्यांच्या खोलीत गोड वास यायचा. भेटायला आलेल्या कुणीतरी सीताफळं ठेवली असतील म्हणून बाईंनी खाटेखाली वाकून पाहिलंही होतं. चौथ्या दिवशी आदिलाबादला नेताना गुडीहत्नूरच्या पुढं गाडीतच ते गेले. आदिलाबादच्या दवाखान्यात एका नर्सनं विचारलं, "त्यांच्या तोंडाला फळासारखा वास येत होता का?" बाई हो म्हणाल्या. नर्सनं ते कागदावर लिहून घेतलं.

त्यानंतर ती खोली बंदच असायची. फक्त मैना, दौलतरावांनी पाळलेली तांबूस गावठी कुत्री, दार नाकानं ढकलून आत जायची आणि रिकाम्या खाटेखाली झोपायची. यंदा ती गाभण होती. धम्मचक्र दिनाला बाई विहारात गेल्या असताना फाटक उघडं राहिलं होतं, त्यामुळे दिवस नेमके ठाऊक होते. डिसेंबरच्या मध्याला ती विणार होती.

त्या सकाळी बाहेर दाट धुकं होतं. बाईंनी फळ्या पाहिल्या, डबे उघडून हुंगले, सगळं घर झाडून काढलं. वास खोलीत सर्वांत जास्त होता. मैना तिथं भिंतीकडं तोंड करून उभी होती. हाक मारली तरी तिनं वळून पाहिलं नाही. आदल्या दिवसापासून ताटलीतली भाकरीही तशीच पडून होती.

तेवढ्यात शेजारच्या सोजरबाई मेथीची जुडी घेऊन आल्या. त्या आणि त्यांचे मालक फकिरा भाजीपाला पिकवतात. उंबऱ्यातच त्या थबकल्या.

"मनकर्णाबाई, ह्यो वास..." त्यांनी पदर नाकाला लावला. "दौलतभाऊ गेले तवा ह्योच होता ना वो?"

"काईतरी बोलू नका."

"मी काऊन खोटं बोलू? त्याइचं काई तरी मागं राह्यलं आसन. मुक्या जनावराले दिसते."

"आमी हे मानत नाई, सोजरबाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. आवाज ठाम होता. सोजरबाई गेल्यावर त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. धुकं आत आलं, पण वास काही बाहेर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या घरी आल्या. भर दुपार असून ऊन नव्हतं, गल्लीत माणूस नव्हतं. कुलूप काढलं तसा आतून आवाज आला. कुणीतरी पाय ओढत, थांबत थांबत चालावं तसा. दौलतराव शेवटच्या दिवशी मोरीपर्यंत असेच चालले होते.

"मी कडी धरून उभी होती," बाईंनी मला सांगितलं. "आत जावं का पळावं, काई सुचून नाई राह्यलं."

खोलीच्या दारातून मैना बाहेर आली. मागचे पाय ओढत, पोट जमिनीला टेकत. बाईंपाशी येऊन तिनं तोंड वर केलं आणि धापा टाकू लागली. तो वास सरळ बाईंच्या तोंडावर आला.

वास तिच्या श्वासाचा होता. बाईंनी खाली बसून तिचं तोंड पुन्हा हुंगलं. भीती गेली आणि तिच्या जागी काय आलं ते त्यांना सांगता येत नाही. एवढंच कळलं, की हा वास ओळखायला एकदा उशीर झाला होता. त्यांनी फकिराला हाक मारली, मैनाला त्याच्या भाजीच्या टेम्पोत घातलं आणि ढोरांचा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टर श्रावणी मॅडम, बोलणं हिंदीत. त्यांनी मैनाचं तोंड हुंगलं आणि लघवीत कागदाची पट्टी बुडवली. पट्टीचं एक टोक गडद जांभळं झालं.

"शुगर है क्या इसको?" बाईंनी विचारलं.

"नहीं. पेट में पिल्ले बहुत हैं, और ये खा नहीं रही. तो बदन अपनी ही चर्बी जला रहा है. बास उसी की है." मॅडमनी सलाईन लावलं. "दर दो घंटे में थोड़ा थोड़ा खिलाओ. जितने दिन पिल्ले अंदर रहेंगे, उतने पकेंगे. लेकिन पट्टी फिर गहरी पड़ी तो रुकना मत, आपरेशन."

बाईंनी आठवड्याची रजा टाकली. अर्ज मीच पुढं पाठवला. कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या, "घरी आजारी हाय." मीही कोण म्हणून विचारलं नाही.

रोज सकाळी त्या पळी घेऊन मैनाच्या मागं अंगणात जायच्या, लघवी पळीत धरायच्या आणि पट्टी बुडवायच्या. मग ताप पाहायचा, कारण विण्याआधी अंगाची ऊब उतरते असं मॅडमनी सांगितलं होतं. उकडलेलं अंडं, कलेजी, मऊ भात कुस्करून बोटानं जिभेवर ठेवायचा. रोज एकदा टेम्पोतून सलाईनला. मैना खोलीबाहेर थांबतच नव्हती, म्हणून बाईंनी आपली चटई तिथंच खाटेजवळ टाकली.

पहिले दोन दिवस तिनं घास थुंकले. तिसऱ्या दिवशी दुपारी बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मैनानं एकाएकी कान टवकारले. ती बाईंच्या खांद्यावरून मागं, रिकाम्या खाटेकडं पाहू लागली. शेपटी हळूच हलली, दोनदा, तीनदा. ओळखीचं माणूस आल्यावर हलते तशी. मग तिनं बाईंच्या बोटावरचा भात चाटून खाल्ला, आणि ताटलीतलाही.

"तुम्ही मागं वळून पाहिलं?" मी विचारलं.

"नाई," बाई म्हणाल्या. "ती खाऊन राह्यली होती. मी कायले हालू?"

दुसऱ्या सकाळी पट्टी फिकी आली. त्याच्या पुढच्याही. सोजरबाई अंडी उंबऱ्यावर ठेवून जायच्या, आत पाऊल टाकत नव्हत्या.

चौदा तारखेला पहाटे मैनानं सगळं ओकलं. पट्टी काळीजांभळी झाली, अंगही गार लागू लागलं. मॅडमनी फोनवर एवढंच सांगितलं, "निकलो, मैं आदिलाबाद में डॉक्टर को बोलती हूँ."

सकाळचे आठ वाजले तरी हायवेवर धुकं असं होतं, की समोरच्या ट्रकचे फक्त दिवे दिसत होते, ट्रक दिसत नव्हता. फकिरा काचेला नाक लावून गाडी हाकत होता. बाई मागं, रिकाम्या क्रेटांच्या मधे, मैनाला सतरंजीत गुंडाळून बसल्या होत्या. गुडीहत्नूर मागं पडलं. थोडं पुढं गेल्यावर मांडीवरचं ओझं एकदम जड झालं. मैनाची छाती हलत नव्हती.

जागा तीच होती, दौलतरावांची. धुक्यात काही दिसत नव्हतं, पण रस्त्याच्या उतारावरून बाईंनी ओळखली.

"इथं नाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "आइकलं का? हिले इथं नाई नेऊ द्यायची मी."

कुणाला म्हणाल्या, ते त्यांनाही ठाऊक नाही. त्यांनी मैनाच्या बरगड्या दोन्ही हातांनी जोरात चोळल्या, नाकात फुंकर घातली. पुढून फकिरा ओरडला, "काय झालं वो बाई?" टेम्पो उतार ओलांडून चढाला लागला आणि मैनानं एक लांब, गोड वासाचा श्वास सोडला. मग दुसरा.

ऑपरेशनला सव्वा तास लागला. आठ पिल्लं निघाली. दोन मेलेली, एक तासाभरात गेलं, पाच जगली. डॉक्टरांनी त्याच वेळी गर्भपिशवीही काढून टाकली. दुसऱ्या दिवशी मैनानं दूधभात खाल्ला आणि पिल्लांना अंगाशी घेतलं.

टाके काढायच्या दिवशी बाईंनी श्रावणी मॅडमना अखेर विचारलं, "आदमी के मुँह को ऐसी बास आई तो, मॅडम? वेळेत नेलं तर वाचतो का?"

"शुगर वाले को आती है. अलग बीमारी है, पर बास वही." मॅडमनी कात्री ट्रेमधे ठेवली. "जल्दी लाए तो बहुत से बच जाते हैं."

बाईंनी मैनाला उचललं आणि त्या बाहेर आल्या. टेम्पोत बसेपर्यंत रडल्या नाहीत, फकिरा सांगतो. नंतर घर येईपर्यंत रडल्या.

एक पिल्लू फकिरानं वांग्याच्या राखणीला नेलं, एक मी आणलं. रजा वाढवून बाई जानेवारीत कामावर आल्या. नक्कल घ्यायला आलेला कुणी म्हातारा शुगरच्या गोळ्यांबद्दल बोलला, की बाई पेन खाली ठेवतात आणि तोंडाच्या वासाबद्दल त्याला समजेल त्या भाषेत सांगतात. तो ऐकून घेतो, थोडा बावरतो आणि आपला कागद घेऊन जातो.