उगी

माझ्या भाचीचं बाळ जन्मलं तेच नाकाच्या दोन्ही वाटा आतून बंद घेऊन. तान्ह्या बाळाला तोंडानं श्वास घ्यायचं उमजत नाही. ते रडलं की तोंड उघडे, हवा आत जाई आणि ओठ गुलाबी होत. गप्प झालं की निळे पडत.

पहिल्याच दिवशी ते रडू लागलं आणि मी सवयीनं म्हणून गेले, "उगी, उगी."

सिस्टर झटकन वळल्या. "मावशी, उगी नका म्हणू. रडू दे त्याला."

पुढचा 'उगी' तोंडातच राहिला. आजवर किती जणांना उगी केलं मी! सासरी निघालेल्या पोरींना, नवरा गेलेल्या शेजारणीला. गप्प करणं म्हणजेच माया, असं वाटायचं. त्यातल्या कुणाचा श्वास त्या रडण्यावरच चालला होता, कुणास ठाऊक.

मग तोंडात नळी घातली, ऑपरेशनही ठरलं. पण हृदयही कच्चं निघालं. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी बाळ आपणहूनच उगी राहिलं.

भाची कॉटवर बसून होती. डोळे कोरडे, ओठ घट्ट मिटलेले. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "रड गं बाळा, रड."