सुनेसाठी निवडलेला खडू

डॉक्टरीणबाईंनी सुनेचं तोंड उघडून आत बॅटरी मारली. जीभ निळी होती. दातांच्या फटी निळ्या, हिरड्यांवर निळं, आणि ओठ मात्र धुवून धुवून विटलेल्या कापडासारखे पांढरे. बारामतीच्या दवाखान्यात भरदुपारी हे चाललं होतं. सुनेला सातवा महिना होता. धाप लागलेली, डोळे उघडे, पण ती कुणाकडे बघत नव्हती.

"काय खाल्लंय हिनं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काय न्हाय," माझा मुलगा म्हणाला. "सकाळी च्या न् भाकरीचा तुकडा. तेवढंच."

"मग हे निळं कशाचं? शेतावरचं औषध प्यायली का? की कुणी दिलं?"

शेवटचं त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. सासू म्हटल्यावर बघणारच.

त्यांनी विष धरून चालायचं ठरवलं. नर्सनं नाकातून नळी घातली आणि पोट धुवायला घेतलं. नळीतून निळसर पाणी आलं. मुलगा माझ्याकडे वळला.

"आये, तू घरात हुतीस ना? काय प्याली ती?"

"मला काय ठावं," मी म्हणाले.

मला ठाऊक होतं. माझ्या कमरेच्या पिशवीत त्याच निळ्या खडूचा तुकडा होता. सकाळी मीच तिच्यासाठी त्याचा कागद सोलला होता.

इंदापुरात एसटी स्टँडच्या मागं आमचा गाळा आहे. पुढं पूल, म्हणजे काठीनं चेंडू मारायचा खेळ, त्याची दोन टेबलं, मागं पत्र्याच्या दोन खोल्या, त्यात आम्ही तिघं राहायचो. मुलगा पहाटे दुधाच्या टँकरवर जायचा तो दुपारी यायचा. तोवर गाळ्यावर मी बसायची. सगळं आयुष्य वरकुट्याला रानात गेलं आणि म्हातारपणी काठ्या आणि रंगीत चेंडू राखत बसले. मला त्यात वाईट वाटलं नाही. सावलीत बसायला मिळत होतं.

पहिल्या आठवड्यातच काठीच्या टोकाला लावायचा निळा खडू संपला. मी समोरच्या दुकानातून शाळेचा पांढरा खडू आणून टेबलाच्या कडेला ठेवला. एकानं तो काठीला लावला आणि मारायला गेला, तर काठी चेंडूवरून सटकली आणि चेंडू उडून माझ्या पायाशी आला. सगळे पोट धरून हसले.

"मावशी, पाढं लिवायचंत का आमी?"

हा पळसदेवचा मासेवाला. चाळिशीतला माणूस. उजनीची मासळी सकाळी बाजारात विकायची आणि टोपली रिकामी झाली की इथं यायचं, असा त्याचा रोजचा नेम. त्याच्या हाताला वास म्हणून बाकीचे त्याला गाळ्यातल्या खडूला हात लावू देत नसत. तो आपला खडू स्टीलच्या डबीत घालून आणायचा. त्यानंच मला खडू कसा घ्यायचा आणि कसा लावायचा ते शिकवलं.

"ह्यो निळा म्हंजी शाळंचा खडूच न्हाय, मावशी. दगडाची बारीक भुकटी हाय ही, रंगात कालवून वडी पाडलेली. काठीच्या टोकाला चामडं असतंय. चामड्यानं भुकटी धरली की काठी घसरत न्हाय."

"मग ही पोरं तर खडूत काठी खुपसून गरागरा फिरवत्यात."

"येडी हायती. खडूला मधी खड्डा पडतो न् चामड्याची कड कोरडीच ऱ्हाती. कपाळाला कुक्कू लावता का न्हाय तुमी? तसं लावायचं. हलक्या हातानं, समद्या अंगानं."

"मी रांडमुंड बाई, मला कशाला कुक्कू सांगतूस," मी म्हणाले. तो ओशाळला, मग दोघंही हसलो.

निवडायचं कसं तेही त्यानं दाखवलं. खडू बोटावर घासायचा आणि फुंकर मारायची. भुकटी उडाली तर तो हलका. तो टेबलाच्या हिरव्या कापडावर सांडतो आणि सगळ्यांचे हात निळे करतो. फुंकरीनं न हलता बोटावर राहिला तो चांगला. ठेवताना निळं तोंड वर करून ठेवायचा, नाहीतर टेबलाची कड रंगते. पावसाळ्यात ओल धरली की तो तुळतुळीत होतो आणि मग कामाचा राहत नाही, म्हणून मी खडूचे डबे तांदळाच्या पिंपात पुरून ठेवायची. बारामतीच्या खेळाच्या दुकानात मी स्वतः जायची, बोटावर घासून, फुंकून घ्यायची. दुकानदार आधी हसला, नंतर मी आले की आपणच डबे उघडून पुढं करायचा.

श्रावणाच्या सुमारास खडू कमी व्हायला लागले. टेबलावर चार ठेवावेत तर दिवस मावळता तीन असायचे. पिंपातला डबाही हलका लागायचा. मुलाचा संशय मासेवाल्यावर गेला, कारण खडू सोबत बाळगणारा तोच एक होता. एका दुपारी त्यानं सगळ्यांसमोर त्याला धरलं.

"डबी उघड तुझी."

"कशाला? माझा खडू हाय."

"उघड म्हणतोय ना. गाळ्यातलं खडू जात्यात कुठं मग? उंदीर खात्यात व्हय?"

"माझ्या हाताचा वास येतो म्हणून तुमचा खडू मला चालत न्हाय, आन आता चोरतो बी मीच? भले शाब्बास." त्यानं डबी टेबलावर उपडी केली. एकच खडू, झिजून अर्धा झालेला. तो त्यानं तिथंच सोडला आणि गेला. पुन्हा आला नाही.

चारच दिवसांनी मला खडू कुठं जातात ते कळलं. सून मोरीत पाठमोरी बसली होती. भांडी घासायचा आवाज येत नव्हता म्हणून मी डोकावले. ती खडू खात होती. उंदरासारखी कडेकडेनं कुरतडत, डोळे मिटून.

मला बघून तिनं हात पदराखाली घेतला. लोणी भापकरची पोर, फार बोलणारी नव्हती. सासूला आत्या म्हणायची आमची रीत, तशी ती मला आत्या म्हणायची.

"आत्या, ह्यास्नी सांगू नगा. त्या माणसाला बोलल्याती आन..."

"कवापास्नं खातीस?"

"तिसऱ्या म्हयन्यापास्नं. न्हाय ऱ्हावत. खडू ओला झाला की वास येतो बघा. मला त्यो वास आला की दुसरं काय सुचत न्हाय."

मी तिला ओरडले नाही. ओरडायला हवं होतं, पण मला स्वतःची आठवण आली. माझ्या चारही खेपांना मी पाटीवरच्या पेन्सिली खाल्ल्या. चुलीची भाजकी माती खाल्ली. माझी आई खायची, माझी सासू खायची. पोटुशी बाई माती खाते हे आम्हाला नवीन नव्हतं, आणि डोहाळे मारू नयेत, मारले तर पोराची लाळ गळते, हेही लहानपणापासून ऐकलेलं. तिचं आधीचं पोट तिसऱ्या महिन्यात पडलं होतं. या खेपेला तिचं मन मोडायचं नाही असं मी ठरवून टाकलेलं होतं. मुलाला मी काही सांगितलं नाही. मासेवाल्यावरचा आळही तसाच राहू दिला.

एवढ्यावर मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी गाळ्यावर कुणी नसताना मी पिंपातले तिन्ही जातींचे खडू काढले आणि तिच्यापुढं मांडले.

"कुठला बरा लागतो?"

ती लाजली. मग तिनं एकेक चाखला. "ह्यो कचकचतो. दातात वाळू आल्यागत." तो महागातला, खेळणाऱ्यांच्या पसंतीचा. दुसरा हिरवा होता, तो तिनं थुंकला. तिसरा मी निवडायला शिकायच्या आधी आणलेला, हलका, फुंकर मारली की उडणारा. तो तिनं जिभेवर ठेवला आणि तिचे खांदे सैल झाले.

मीही चाखला. खरं सांगायचं तर मलाही गोड लागला. आम्ही दोघी मोरीच्या उंबऱ्यावर बसून खडू खाल्ला आणि एकमेकींच्या निळ्या जिभा बघून हसलो. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्यासमोर मोकळी अशी तेव्हा पहिल्यांदाच हसली असेल.

पुढच्या खेपेला बारामतीला गेले तेव्हा दुकानदाराला म्हणाले, तो हलकाच दे. तो म्हणाला, "मावशी, तुम्हीच तर म्हणायचा हा खराब आहे." मी म्हणाले, असू दे. तो डबा तिचा वेगळा ठेवला. वरच्या कागदाला डिंक असतो, तो पोटात जाऊ नये म्हणून मी रोज सकाळी एक खडू सोलून द्यायची. एकच द्यायची. माझ्या नकळत ती किती खायची ते मी मोजलं नाही.

सरकारी दवाखान्याच्या आशाताई रक्तवाढीच्या लाल गोळ्या देऊन जायच्या. त्या खाल्ल्या की सुनेला मळमळायचं. मी म्हणाले, ठेव बाजूला, आम्ही कुठं खाल्ल्या होत्या. ती गोरी दिसायला लागली. ओठ फिके, नखं पांढरी. मी म्हणाले, पोरगी होणार, पोरगी पोटात असली की आई उजळते. तिला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची, पाय सुजायचे. मी म्हणाले, दिवस भरत आले की असंच होतं. लोणी भापकरहून तिची आई आठवड्यात तिला न्यायला येणार होती. मी मनात म्हणत होते, आता तिथं गेली की तिची आई बघेल.

त्या दिवशी ती धुणं वाळत घालताना खाली बसली आणि तिला परत उठता येईना. मुलगा नेमका लवकर आला होता. इंदापुरातल्या डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, इथं थांबू नका, बारामती गाठा. गाळ्यावर खेळायला आलेल्या एकानं आपली जीप काढली. वाटेत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. उसाच्या ट्रॉल्या पुढं, जीप मागं. ती एकदाच बोलली.

"आत्या, सांगू नगा."

म्हणून मी दवाखान्यात गप्प राहिले, असं नंतर लोकांना सांगितलं. ते अर्धंच खरं. मला माझी भीती होती. सुनेला विष घातलं म्हणतील, मुलगा काय म्हणेल, हे सगळं मनात होतं. नळी घातलेली असताना ती ओकली आणि तिचे डोळे वर गेले, तेव्हा मी पिशवीतला तुकडा काढून डॉक्टरीणबाईंच्या हातावर ठेवला.

"इख न्हाय. हे खाती ती. काठीला लावायचा खडू हाय."

त्यांनी तो बघितला, वास घेतला. नळी काढायला सांगितली. रक्ताचा कागद तोवर आला होता.

"चार," त्या म्हणाल्या. "हिमोग्लोबिन बारा असायला हवं. चार आहे. रक्त आणा लगेच." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अंगात रक्त नसलं की बाईला अशी माती खावीशी वाटते. हे डोहाळे नव्हेत, खूण आहे. आणि हे खाल्लं की उरलंसुरलं अन्नही अंगी लागत नाही. तुम्हाला दिसत होतं ती खाते ते?"

"दिसत हुतं."

"मग अडवलं नाही?"

"मीच सोलून देत हुते."

त्या कामाला लागल्या. मुलगा मात्र जे बोलला ते भलतंच होतं.

"त्या मासेवाल्याला मी चोर म्हणलो आये. तू तितंच बसली हुतीस."

"व्हय."

"तुला तवा ठावं हुतं?"

"तवा न्हवतं. चार दिसांनी कळलं."

"मग चार दिसांनी सांगायचं हुतंस."

तो रक्त आणायला गेला. पहिली पिशवी लागली तेव्हा उन्हं उतरत होती. दुसरी लागायच्या आत कळा सुरू झाल्या. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, पहिलंच का? मी हो म्हणाले. पुढं ती आपल्या लेकीचं सांगत राहिली आणि मी मान हलवत राहिले.

नंतर मी डॉक्टरीणबाईंना एकदा विचारलं, मी आल्याआल्या बोलले असते तर? त्या म्हणाल्या, सांगता येणार नाही. मी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मला खरं वाटलं नसतं, आणि हो म्हटलं असतं तर घेऊन कुठं जाणार होते.

सून तिथून लोणी भापकरला गेली, ती बरेच महिने आली नाही. आली तेव्हा लाल गोळ्यांचं पाकीट स्वतःच बरोबर घेऊन आली. ती माझ्याशी बोलते. ताट वाढते, औषधाची आठवण करते. पण मोरीच्या उंबऱ्यावर ती माझ्याजवळ बसत नाही. आत्ताशा डॉक्टर म्हणतात पुन्हा दिवस राहायला हरकत नाही. ती म्हणते, नको. मुलगा काही म्हणत नाही. मला कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये.

त्या संध्याकाळी मुलगी झाली. बाहेर मला दाखवायला आणली तेव्हा ती श्वास घेत होती, दिवे लागेपर्यंत घेत होती. मग थांबली. सून वाचली.